बारा सुरांचा हट्ट

माउथ ऑर्गनचे मुख्य प्रकार तीन. डायटॉनिकला १० भोके आणि २० पितळी पत्त्या. प्रत्येक भोकात एक पत्ती फुंकल्यावर वाजणारी, दुसरी श्वास आत ओढल्यावर वाजणारी. क्रोमॅटिकला बहुधा १२ भोके, ४८ पत्त्या आणि उजव्या टोकाला एक बटण. बटण दाबले की आतली पट्टी सरकते आणि प्रत्येक सूर अर्ध्या सुराने चढतो. तिसरा ट्रेमोलो. त्यात एका सुरासाठी दोन पत्त्या असतात आणि त्या मुद्दाम किंचित विसंवादी जुळवलेल्या असतात, म्हणून आवाज लहरत राहतो. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारात ‘माउथ ऑर्गन दाखवा’ म्हटले की बहुधा पुढे येतो तो हा २४ भोकांचा ट्रेमोलो. वाद घालणाऱ्यांना मात्र त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. त्यांचे भांडण पहिल्या दोघांवरून.

एक मत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. शिकायचे तर पहिल्या दिवसापासून क्रोमॅटिक. डायटॉनिक म्हणजे खेळणे. त्यात बारा सूर नाहीत. खालच्या सप्तकात तर मध्यम आणि धैवतच गायब, पंचम मात्र दोनदा. एक बाजा एकाच पट्टीचा. त्याची सवय लागली की पुढे क्रोमॅटिकवर सगळे विसरून पुन्हा शिकावे लागते. थोर वादक सगळे क्रोमॅटिकवाले. शिवाय डायटॉनिक हा अमेरिकेतल्या ब्लूजचा बाजा, आपल्या संगीताशी त्याचा संबंध काय? हे मत मांडणाऱ्याने डायटॉनिकवर एखादा अभंग तरी कधी वाजवून पाहिला आहे काय, हा प्रश्न असभ्य ठरेल. म्हणून तो येथे विचारलेला नाही.

यातले किरकोळ मुद्दे आधी निकालात काढणे सोयीचे. परकेपणाचे म्हणाल तर दोघांचे गाव एकच. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन येथे १८५७ मध्ये सुरू झालेल्या होनर कंपनीने १८९६ मध्ये ‘मरीन बँड’ हा डायटॉनिक काढला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिनेच क्रोमॅटिक बाजारात आणला. सख्ख्या भावांपैकी एक परका आणि दुसरा घरचा, हे नाते कोणत्या पंचांगात सापडले ते कळत नाही. एका पट्टीचा आक्षेप तबल्यालाही लागू पडतो, पण त्यासाठी तबल्याला कोणी अपुरे म्हटलेले नाही. सवयीचा आक्षेप तर भोके मोजली तरी मिटतो. डायटॉनिकच्या चौथ्या ते सातव्या भोकांतली मांडणी आणि क्रोमॅटिकच्या पहिल्या चार भोकांतली मांडणी एकच आहे: सा-रे, ग-म, प-ध, सां-नी. पुढे क्रोमॅटिकवर हीच चौकट पुनःपुन्हा येते.

थोर वादकांचे. लॅरी अ‍ॅडलर आणि टूट्स थीलेमान्स क्रोमॅटिक वाजवत, हे खरे. हिंदी चित्रपटांतले दाखलेही दिले जातात: ‘सोलवाँ साल’ (१९५८) मधला राहुलदेव बर्मन यांचा माउथ ऑर्गन, ‘शोले’ (१९७५) मधली भानू गुप्ता यांनी वाजवलेली संध्याकाळची धून. ही मंडळी मुंबईत ध्वनिमुद्रणाला बसणारी कसलेली वादक होती. पट्टीचा पोहणारा उजनीच्या जलाशयात सूर मारतो, म्हणून पोराला पहिल्याच दिवशी तेथे ढकलत नाहीत. पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडतात.

उरतो बारा सुरांचा मुद्दा. सगळी गफलत त्यातच आहे, म्हणून तो सावकाश पाहिला पाहिजे.

पांढरी एकचा डायटॉनिक हातात घेतला तर त्याचे सूर पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे शुद्ध. सातच. पण षड्ज कोठे मानायचा हे वादकाच्या हाती असते. चौथ्या भोकाच्या फुंकीला सा मानले की बिलावल थाट. तोच सा रिषभावर नेला की काफी, गांधारावर नेला की भैरवी, मध्यमावर कल्याण, पंचमावर खमाज आणि धैवतावर आसावरी. यालाच जुने शास्त्र मूर्च्छना म्हणते. भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा असे एकाच बाजातून, एकही सूर न वाकवता निघतात. आणि चौथ्या भोकापासून वर प्रत्येकाचे सप्तक अखंड मिळते. भैरवीसाठी पाचव्या भोकाच्या फुंकीवर सुरुवात करून आठव्याच्या फुंकीवर थांबायचे, मध्ये एकही जागा रिकामी नाही. बटण न दाबता क्रोमॅटिकवरही हेच सहा थाट वाजतात, हे प्रतिपक्षाने सांगण्याआधीच मान्य करून टाकावे. पण मग ज्याला ‘अपुरा’ म्हणून हिणवले, त्याच्या पोटात भैरवीपासून यमनापर्यंतचा ऐवज आहे, हेही त्याला मान्य करावे लागते.

सातवा थाट भैरव. त्याला कोमल रिषभ आणि कोमल धैवत लागतात, आणि येथे डायटॉनिकची खरी करामत दिसते. चौथ्या भोकातून श्वास ओढता ओढता जीभ मागे घेतली, तोंडातली पोकळी ‘ई’वरून ‘ऊ’ म्हणताना होते तशी बदलली, की रिषभ हळूहळू खाली उतरतो आणि कोमल होतो. सहाव्या भोकात धैवताचे तसेच. बाकीचे सूर जागेवर तयारच असतात. म्हणजे मधल्या सप्तकात दोन सूर वाकवले की भैरव उभा राहतो. यामागचे कारण साधे आहे. एका भोकात दोन पत्त्या एकाच पोकळीत असतात. उंच सुराची पत्ती खाली खेचली जाते, तशी नीच सुराची पत्तीही बोलू लागते, आणि दोघींच्या मधले सूर हाती येतात. म्हणून दोन पत्त्यांत जितके अंतर, तितका सूर वाकतो. तिसऱ्या भोकात फुंकीला पंचम आणि ओढीला निषाद, म्हणून निषाद तीन पायऱ्या उतरतो: कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत. दुसऱ्या भोकात पंचम वाकवून तीव्र मध्यम आणि शुद्ध मध्यम मिळतात. ज्या मध्यम-धैवतांच्या नावाने गळा काढला जातो, ते गायब नसून लपलेले असतात. ती जागा त्यांना सोडावी लागली, कारण खालच्या भोकांची मांडणी साथीसाठी केलेली आहे. तेथे चार भोके एकदम फुंकली तर सा-ग-प-सा, ओढली तर रे-प-नी-रे असा भरीव जमाव निघतो.

तोडी, पूर्वी आणि मारवा येथे मात्र हार पत्करावी लागते. मधल्या सप्तकातला तीव्र मध्यम आणि कोमल गांधार वाकवून मिळत नाहीत; त्यासाठी ओव्हरब्लो नावाची अवघड फुंक साधावी लागते. हॉवर्ड लेव्ही या अमेरिकन वादकाने ती विकसित करून डायटॉनिकमधून बाराही सूर काढून दाखवले, पण तो नवशिक्याचा मार्ग नव्हे. तेव्हा हिशेब असा: दहापैकी सात थाट आवाक्यात, तीन आवाक्याबाहेर. पहिल्याच वर्षी तोडी आणि मारवा वाजवण्याची ज्यांच्या घरची पोरे तळमळत असतील, त्यांनी खुशाल क्रोमॅटिक घ्यावा.

बटणाने मिळणाऱ्या सुराविषयीही थोडे बोलले पाहिजे. बटण दाबले की कोमल रिषभ येतो. वाजवणाऱ्याच्या कानात तो असो वा नसो, येतोच. वाकवलेल्या सुराचे तसे नाही. तो आधी कानात असावा लागतो, नाहीतर श्वास त्याला शोधत वर-खाली भटकतो आणि ऐकणाऱ्यांना ते ताबडतोब कळते. शिवाय रिषभापासून कोमल रिषभापर्यंतची सगळी वाट त्यात असते. वाकवून धरलेला सूर सैल सोडला तर चढती मींड, धरत नेला तर उतरती. क्रोमॅटिकमध्ये बहुतेक पत्त्यांवर प्लास्टिकची पातळ झडप बसवलेली असते. तिच्यामुळे हवा वाया जात नाही, पण शेजारची पत्तीही गप्प राहते. सूर वाकतो तो एकट्या पत्तीचा. तो लवकर दुबळा होतो आणि स्थिर ठेवणे कठीण जाते.

मींडेचा हा वाद नवा नाही. बाजाच्या पेटीवरून तो महाराष्ट्रात दोन पिढ्या चालला. पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत, तिचे सूर इंग्रजी मापाने कापलेले, ती गळा बिघडवते, असे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. नभोवाणीवरून १९४० मध्ये पेटी हद्दपार झाली ती तीस वर्षांनी परतली, तीही अटी सोसून. दरम्यान नाटकांतून, कीर्तनांतून, गावोगावच्या भजनी मंडळांतून ती वाजतच होती, आणि तिच्यावर तुटून पडणाऱ्यांचे कानही तिच्याच साथीने तयार झाले होते. त्या वादात पेटीविरोधकांचा एक मुद्दा बिनतोड होता: तयार सूर आयता मिळाला की कान आळशी होतो. गंमत अशी की श्रुतींसाठी पेटीशी हुज्जत घालणाऱ्यांचे वारस आता ‘नेमका सूर मिळतो’ म्हणून बटणाची शिफारस करतात. माउथ ऑर्गनपाशी येताच मींडेची आठवण कशी बुजते, हा संशोधनाचा विषय आहे.

अपुऱ्या साधनाने पूर्ण काम करण्याचा एक दाखला तर बारामतीतच आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) येथे राहिले आणि येथेच त्यांनी नाना तऱ्हांची रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठांना ओठ लागणारी अक्षरे वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ हा शब्दही उच्चारायचा नाही! सगळी मुळाक्षरे हाताशी नसल्याने पंतांचे काव्य खेळणे ठरले नाही. हा दाखला थोडा लंगडा आहे, हेही खरे. पंतांनी ती अक्षरे जाणून-बुजून टाकली होती. नवशिक्याच्या बाजात मधल्या सप्तकातला तीव्र मध्यम मुळातच नसतो. तरी ‘बारा नाहीत म्हणजे काहीच नाही’ या हट्टाला एवढे उत्तर पुरते.

आता मंडन. पहिला बाजा पांढरी एकचा दहा भोकांचा डायटॉनिक असावा. मागे तानपुऱ्याचा सूर, मग तो मोबाइलवरचा का असेना, लावून ठेवावा. पहिले काही आठवडे ओठांचा चंबू करून एकेकच भोक वाजवावे आणि चौथ्या ते सातव्या भोकांत आरोह-अवरोह बसवावा. नवख्याचा पाय घसरतो तो ठरलेल्या जागी. सा फुंकून, रे ओढून, ग फुंकून, असे सहाव्या भोकातल्या धैवतापर्यंत श्वास आळीपाळीने चालतो. पुढे निषादही ओढीचाच येतो आणि छाती भरून जाते. नीरा डाव्या कालव्याखालच्या माणसाला आवर्तनाची शिस्त शिकवावी लागत नाही: पाणी आपल्या पाळीलाच घ्यायचे असते. श्वासाचेही तसेच, कोठे साठवायचा आणि कोठे सोडायचा हे ओळ वाजवण्याआधी ठरवावे लागते. डायटॉनिक हवा कमी मागतो, म्हणून हा हिशेब त्याच्यावर लवकर जमतो. क्रोमॅटिकच्या सरकपट्टीच्या फटीतून थोडी हवा निसटत राहते आणि नवख्याला वाटते, आपलाच दम कमी पडतो.

त्यानंतर बिलावलातली सोपी भजने, मग षड्ज हलवून भैरवी आणि खमाज, मग सूर वाकवणे, आणि ते साधल्यावर भैरव. पालखीच्या दिवसांत बेलवाडीच्या किंवा इंदापूरच्या रिंगणात मात्र कोणताही माउथ ऑर्गन नेऊ नये. टाळ-मृदंगापुढे दहा भोकेही ऐकू येत नाहीत आणि बाराही.

पैशाचे गणितही याच बाजूचे. एका बऱ्या क्रोमॅटिकच्या किमतीत तीन-चार चांगले डायटॉनिक येतात. म्हणजे भजनी मंडळाचे बुवा पांढरी चारमध्ये गात असोत की काळी एकमध्ये, त्या पट्टीचा बाजा घेता येतो. पत्ती उतरली तर टोकाशी हलके घासून ती चढवता येते, चढली असेल तर बुडाशी घासून उतरवता येते. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम ठाऊक असते, फक्त येथे पत्ती बारीक असते.

क्रोमॅटिकची वेळ येते ती तीव्र मध्यम रोज लागू लागला, मारव्याची किंवा चित्रपटगीतांतल्या मधल्या सुरावटींची ओढ वाटू लागली की. तोपर्यंत कान तयार झालेला असतो आणि बटण दाबण्याआधीच सूर ऐकू येत असतो. तो बाजा सांभाळायला मात्र नाजूक. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे गार पत्त्यांवर श्वासातली वाफ जमते, झडपा चिकटतात आणि सूर अडखळत फुटतो. म्हणून वाजवण्याआधी तो दहा-पंधरा मिनिटे स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवून कोमट करावा. जेवून उठल्यावर चूळ भरल्याशिवाय तोंडाला लावू नये. वाजवून झाल्यावर भोके खाली करून तळहातावर हलके आपटावा, म्हणजे आतले पाणी निघून जाते.