पाणी वाटणाऱ्या हातांचाही हक्क

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, हिशेबाचे असतात. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून काढायचा. ईदच्या नमाजपूर्वी फित्रा द्यायचा. जुन्या नाशकात, दूध बाजार-भद्रकाली परिसरात, या दिवसांत पावतीपुस्तके घेऊन फिरणारे अनेक जण दिसतात. या देण्यामागे एक साधी समजूत आहे. जकात हा उपकार नाही. कमावणाऱ्याच्या मालात गरजूचा हक्क असतो आणि देणारा तो हक्क त्याच्या हवाली करतो.

या कसोटीवर नाशिककरांनी आपली एक सवय तपासून पाहायला हवी.

नाशिक हे मोर्चांचे शहर आहे. ६ मार्च २०१८ रोजी सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागांतले हजारो आदिवासी शेतकरी वनहक्काच्या जमिनीसाठी आणि कर्जमाफीसाठी सुमारे १८० किलोमीटर चालले. मुंबईत दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून पार केला आणि १२ मार्चला आझाद मैदान गाठले. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर गेली. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या. भायखळ्यात मुस्लिम तरुण मध्यरात्री रस्त्यावर उभे होते. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. वाशिंदजवळ मुक्कामी असताना एका मोर्चेकऱ्याचा मृत्यू झाला आणि शासनाने त्याच्या कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली.

मृत्यूची दखल शासन घेते. जखमीची दखल कोण घेते? त्यातही तो जखमी स्वतः मोर्चेकरी नसेल, मोर्चाच्या सेवेला आलेला असेल तर?

मोर्चासोबत अशी माणसे नेहमी असतात. कोणी पाण्याचा टँकर चालवतो, कोणी भाकरीचा टेम्पो आणतो, कोणी फोडांना मलमपट्टी करतो, तर कोणी मोर्चाच्या शेपटीला लाल झेंडी घेऊन मुंबई-आग्रा महामार्गावरची वाहने थोपवतो. अंधारात सर्वांत मोठा धोका याच शेवटच्या माणसाला. त्याला एखाद्या वाहनाने उडवले, तर तो कोणत्या यादीत बसतो? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे, आणि तीही मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. शहरातला रिक्षाचालक किंवा कॉलेजचा विद्यार्थी तिच्यात येत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले, तर गंभीर जखमीला केंद्राच्या योजनेतून पन्नास हजार मिळू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात. धर्मादाय रुग्णालयांवर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. या वाटा आधी चोखाळल्याच पाहिजेत. मात्र मोडलेला पाय जुळेपर्यंत बुडणारी मजुरी, घरभाडे, फिजिओथेरपी आणि दवाखान्याच्या खेपा यांचा खर्च यातली कोणतीही योजना पुरता भरून देत नाही.

मग सुरू होतो तो सगळ्यांच्या परिचयाचा प्रकार. प्लॅस्टर घातलेल्या माणसाचा फोटो, खाली क्यूआर कोड आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’ची विनवणी. पहिले दोन दिवस पैसे येतात, नंतर दुसरा फोटो येतो आणि पहिला मागे पडतो. जो काल इतरांना पाणी पाजत होता, त्याला आज स्वतःची जखम दाखवून हात पसरावा लागतो. इस्लामी शिकवणीत लाजेखातर न मागणाऱ्या गरजूला शोधून देण्यावर भर आहे आणि गुप्त दानाला मोठा मान आहे. मदत मिळवण्यासाठी कुणाला आपली अब्रू मोजावी लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

कुरआनाने जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत ‘गारिमीन’ म्हणजे कर्जाखाली दबलेले आहेत आणि ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. दवाखान्याच्या बिलाने कर्जबाजारी झालेला माणूस या यादीपासून फार दूर नाही. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुस्लिम गरजूंपुरती आहे, हे खरे. पण सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. याच आठांत जकात गोळा करणारे आणि तिची व्यवस्था पाहणारे ‘आमिलीन’ही मोजले आहेत. म्हणजे दानाची व्यवस्था लावणे हे फावल्या वेळचे काम मानलेले नाही.

नाशिकने हीच गोष्ट उचलावी. शेतकरी संघटना, मशिदींच्या जमाती, गुरुद्वारा, गणेश मंडळे आणि डॉक्टरांची संघटना यांनी मिळून स्वयंसेवकांसाठी कायमचा उपचार निधी उभारावा. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत. खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि त्यातली एक आंदोलनाबाहेरच्या व्यक्तीची असावी. बुडालेल्या रोजगाराची भरपाई किती आणि किती महिने, हे आधीच लिहून ठेवावे. उरलेल्या रकमेचे काय करायचे, तेही. हिशेब दर महिन्याला जाहीर व्हावा, पण जखमीचे नाव आणि फोटो जाहीर होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, मोर्चाच्या मागण्या पटत नाहीत, मग पैसे का द्यावेत? मागण्यांवर वाद जरूर घालावा. पण तहानलेल्याला पाणी देणाऱ्याचा पाय मोडला, तर त्याच्या उपचाराला राजकीय मत आड येऊ नये. आणखी कोणी म्हणेल, मोर्चाला बोलावले त्यांनीच बघावे. संघटनांची पहिली जबाबदारी आहेच आणि ती त्यांनी टाळू नये. पण अनवाणी मोर्चेकऱ्यांचा अभिमान जर सगळ्या शहराला वाटला असेल, तर त्यांच्या मागे झेंडी धरून उभ्या राहिलेल्या माणसाची जबाबदारी एकट्या संघटनेवर ढकलता येणार नाही.

रमजानमध्ये देणारे हात मोकळे असतात आणि घराघरांत हिशेबाच्या वह्या उघड्या असतात. या निधीची सुरुवात करायला याहून चांगला महिना कोणता? पुढचा मोर्चा नाशकातून निघेल, तेव्हा तयारीच्या यादीत टँकर, शिधा आणि औषधपेटी यांच्या शेजारी उपचार निधीचीही नोंद असली पाहिजे.