शेणखत म्हणजे तणनाशकाचा परवाना नव्हे

मंडळी, मिरग जवळ आला. बागेत शेणखताच्या गाड्या येतील आणि महिनाभरात पाठीवर पंपही चढतील. याच दिवसांत दरवर्षी एक वाक्य कानावर पडतं: "शेणखत घातलंस मा? मगे बिनधास्त मार. माती सगळा पचयता." हे वाक्य अर्धं खरं आहे. आणि अर्ध्या खऱ्यानेच बागेचं जास्त वाटोळं होतं.

आधी खरा भाग. डाययुरॉन, सिमाझिन यांसारखी उगवणीपूर्व तणनाशकं सेंद्रिय कर्बाला चिकटतात. स्पेनमध्ये ऑलिव्हच्या बागांत तेल काढून उरलेला चोथा मातीत मिसळून यावर बरंच संशोधन झालंय. चोथा घातलेल्या मातीने तणनाशक जास्त धरून ठेवलं, खाली झिरपायचं प्रमाण बहुतेक वेळा कमी झालं. इथपर्यंत ठीक.

पण धरलं म्हणजे पचलं नव्हे! कर्बाला चिकटलेलं औषध तणाच्या मुळाला मिळत नाही, तसंच ते जीवाणूंनाही सहज मिळत नाही. म्हणजे तण मरत नाही आणि औषध मात्र वरच्या थरात जास्त दिवस राहतं. मग आपण काय करतो? "औषधात दम नाय" म्हणून पुढच्या खेपेला डोस वाढवतो. पाला जाळून झालेला कोळसा आळ्यात असेल तर तो शेणखतापेक्षाही कितीतरी जास्त औषध ओढून घेतो.

खत कुठलं हेही बघायला हवं. चांगलं कुजलेलं शेणखत वेगळं आणि ताजी स्लरी किंवा सडक्या बोंडूंचा ढीग वेगळा. कच्च्या मालातून पाण्यात विरघळणारा कर्ब सुटतो. तो मातीतल्या चिकटायच्या जागा स्वतःच अडवतो, कधी औषधाला सोबत घेऊन खाली उतरतो. म्हणजे एकच "सेंद्रिय" शब्द आणि परिणाम दोन उलट दिशांचे.

आता ग्लायफोसेट. ते मुख्यतः कर्बाला नव्हे, तर लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटतं, आणि आपली जांभी जमीन त्यांनीच भरलेली. पण स्फुरदही त्याच जागांवर बसतो. कोंबडीखत, सुपर फॉस्फेट जास्त पडलं की दोघांचं जागेसाठी भांडण लागतं आणि ग्लायफोसेट सुटू शकतं. म्हणजे "खत घातलंय, आता निर्धास्त" हा हिशोब इथे उलटाही पडतो. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच करायचं बंधन घातलं होतं. आपल्यातल्या किती जणांना हे विकताना कुणी सांगितलं?

कुणी म्हणेल, मजूर मिळत नाही, ग्रास कटरचं पेट्रोल परवडत नाही. मान्य. माझ्याही बागेत तीच रड आहे. पण खर्चाच्या वहीत विहीर धरा की! आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जांभ्याला भेगा आणि बिळं, पाणी गाळून घ्यायला वेळच मिळत नाही. उतारावर काजू, पायथ्याला विहीर, पुढे गड नदी आणि कालावलची खाडी. मातीला चिकटलेलं औषध मातीसकटच वाहतं. त्याच खाडीतली कालवं आणि तिसऱ्या आपण खातो.

म्हणून माझं म्हणणं असं:

1. खत आणि फवारणी एकाच आळ्यात नको. आळ्यात फक्त कुजलेलं खत, वर पाला, करड, नारळाची सोडणं. जाड आच्छादनाखाली तण तसंही कमी येतं.

2. उरलेल्या जागेत श्रावणात गवत फुलण्याआधी कापा आणि तिथेच टाका. जाळू नका.

3. विहीर, व्हाळ, पाणंद यांच्या वरच्या अंगाला पंप नेऊच नका.

4. आधी उगवणीपूर्व तणनाशक पडलं असेल तर कुंडीत तपासा. एका कुंडीत आळ्यातली माती, दुसरीत न फवारलेल्या जागेची. दोन्हींत काकडी पेरा आणि तीन आठवडे थांबा. उगवून येईल, पण पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या तर औषध अजून जिवंत आहे. ग्लायफोसेट मात्र या परीक्षेत सापडत नाही.

दापोलीच्या विद्यापीठातल्या आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना हात जोडून विनंती. खताच्या शिफारशीचं आणि तणनाशकाच्या शिफारशीचं पान वेगळं छापू नका. शेतकरी दोन्ही एकाच आळ्यात, एकाच महिन्यात घालतो. जांभ्या मातीत, आमच्या पावसात, दोन्ही एकत्र पडल्यावर काय होतं ते एका पानावर सांगा.

तोवर "माती सगळा पचयता" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: तुझ्या विहिरीच्या वरच्या अंगाला मारशील?