क्रेडिट कार्डवर ‘दोन टक्के वर’ : दुकानदार चुकतो, पण चूक त्याच्या एकट्याची नाही

“कार्डने देणार? मग दोन टक्के वर लागतील.”

आई आणि मी वॉशिंग मशीन घ्यायला पुण्यातल्या एका दुकानात गेलो होतो. घासाघीस करून भाव २८,००० रुपयांवर ठरला. डिलिव्हरीचा पत्ता लिहून झाला. मी क्रेडिट कार्ड पुढे केलं, तेव्हा हे वाक्य आलं. बिल २८,००० रुपयांचं मिळालं आणि स्वाइप मशीनची स्लिप २८,५६० रुपयांची. मधले ५६० रुपये कशाचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“काकू, बँक माझ्याकडून कापून घेते. मी कुठून देऊ?” दुकानदार म्हणाला.

“मग भाव सांगतानाच सांगायचं होतंत ना,” आई म्हणाली.

मला दोघांचंही पटलं. या लेखात तेच मांडायचं आहे. क्रेडिट कार्डचा खर्च खरा आहे, पण तो शेवटच्या क्षणी काउंटरवर ग्राहकाच्या माथी मारणं चूक आहे. आणि ही वेळ दुकानदारावर का येते, याचं उत्तर दुकानाबाहेर आहे.

हे दोन टक्के जातात कुठे?

तुम्ही १०० रुपयांसाठी कार्ड स्वाइप करता, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण १०० रुपये जमा होत नाहीत. त्यातून कापल्या जाणाऱ्या रकमेला मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजेच एमडीआर म्हणतात. तिचे वाटेकरी तीन : तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानात स्वाइप मशीन बसवणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखं नेटवर्क. यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स, कॅशबॅक आणि विमानतळावरचा लाउंज यांचा खर्च बऱ्याच अंशी इथूनच निघतो.

आता २८,००० रुपयांच्या त्याच मशीनचं गणित पाहा :

– बँक खात्यातून यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्ड : शून्य. १ जानेवारी २०२० पासून यावर एमडीआर नाही.
– इतर डेबिट कार्ड : वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे ११२ रुपये. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, म्हणजे २५२ रुपये.
– क्रेडिट कार्ड : साधारण दीड ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर ५६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

डेबिट कार्डच्या शुल्कावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. छोट्या दुकानाला एका व्यवहारामागे २०० रुपयांहून जास्त आणि मोठ्याला १,००० रुपयांहून जास्त एमडीआर लावता येत नाही. क्रेडिट कार्डला अशी मर्यादाच नाही. दर किती, हे बँक आणि दुकानदार यांच्यात ठरतं. ज्याचा धंदा मोठा, त्याला दर कमी पाडून घेता येतो.

हे पैसे ग्राहकाकडून घेता येतात का?

डेबिट कार्डवर नाही. ग्राहकाकडून असं शुल्क घेणं समर्थनीय नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकातही एमडीआरचा भार ग्राहकावर टाकला जाणार नाही, याची जबाबदारी बँकांवर टाकली आहे.

क्रेडिट कार्डच्या बाबतीत अडसर येतो तो करारातून. स्वाइप मशीन घेताना दुकानदार बँकेशी करार करतो. कार्डने पैसे देणाऱ्याकडून जादा रक्कम घेऊ नये, अशी अट त्यात सहसा असते. पण करार दुकानदार आणि बँक यांच्यातला. तो ग्राहकाला दिसत नाही. त्यामुळे ‘दोन टक्के वर’ हा बाजाराचा नियमच आहे, असं आपल्याला वाटू लागतं.

दुकानदाराची बाजू

मोबाइल, टीव्ही, फ्रिज विकणाऱ्या छोट्या दुकानात नफ्याचं प्रमाण मुळात कमी असतं. त्यातून दोन टक्के गेले तर हातात फार काही उरत नाही. दुसरीकडे, त्याच कार्डवर ऑनलाइन सेलमध्ये ‘१० टक्के झटपट सूट’ मिळते. म्हणजे जे कार्ड मोठ्या कंपनीकडे ग्राहक खेचून नेतं, तेच छोट्या दुकानदाराचा नफा कापतं.

त्याचा दुसरा मुद्दाही बिनतोड आहे. हा खर्च सगळ्या वस्तूंच्या भावात मिसळला, तर यूपीआयने किंवा रोखीने पैसे देणारी मावशीही थोडे जास्त पैसे देणार. माझ्या रिवॉर्ड पॉइंट्सचा खर्च तिने का उचलायचा?

तरीही जादा आकारणी चूक का?

पहिलं कारण, ती उशिरा कळते. भाव ठरला, मन तयार झालं की ५६० रुपयांसाठी कुणी उठून जात नाही. पुढच्या दुकानाशी तुलना करायची संधीच हातून जाते.

दुसरं कारण, खरा दर कळत नाही. त्या दुकानाला बँक दीड टक्काच लावत असेल, तर २८,५६० रुपयांवर कापले जातील सुमारे ४२८ रुपये. जीएसटी धरला तरी साधारण ५०६. घेतले मात्र ५६०. दोन टक्के हा गोल आकडा कुठून आला, हे विचारायची सोय ग्राहकाकडे नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : क्रेडिट कार्ड फक्त पॉइंट्स जमवणारे वापरत नाहीत. महिनाअखेरीस फ्रिज बंद पडतो आणि खात्यात पैसे नसतात, तेव्हाही कार्डच बाहेर येतं. तिथे दोन टक्के त्यालाच पडतात, ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही.

परदेशात काय झालं?

ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये दुकानांना कार्डवर जादा रक्कम घ्यायची मुभा दिली. काही ठिकाणी खर्चापेक्षा जास्त वसुली होऊ लागली, म्हणून २०१६ पासून ‘प्रत्यक्ष खर्चाइतकीच’ अशी मर्यादा घालावी लागली. जुलै २०२५ मध्ये तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने प्रमुख कार्डांवरची ही आकारणी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवर अशी आकारणी करायला बंदीच घातली.

मग मार्ग काय?

मला दोन गोष्टी योग्य वाटतात. एक, दुकानावर लिहिलेला भाव हाच सगळ्यात जास्त भाव असावा. यूपीआय किंवा रोखीला सूट द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण पाटीवर लिहून. २८,५६० भाव आणि यूपीआयला ५६० रुपये सूट, हे गणित तेच आहे. फरक इतकाच, की ते आत शिरतानाच कळतं.

दोन, छोट्या दुकानांसाठी क्रेडिट कार्डच्या एमडीआरलाही रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालावी. जानेवारी २०१७ मध्ये एक टक्का शुल्काच्या विरोधात पेट्रोल पंपचालकांनी कार्ड घेणं बंद करण्याचा इशारा दिला, तेव्हा सरकारने लगेच लक्ष घातलं आणि तो भार पंपचालकांवर पडू दिला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ती ताकद नाही. म्हणून तो त्याच्याहून कमकुवत माणसाकडे वळतो, म्हणजे आपल्याकडे. मर्यादा आली तर काही कार्डांचे पॉइंट्स कमी होतील. ती किंमत मला मान्य आहे.

तोवर तुम्ही काय कराल?

– भाव ठरवतानाच विचारा : “कार्डने हाच भाव ना?”
– जादा रक्कम घेतलीच, तर ती बिलावर लिहून मागा. बिल आणि स्लिप दोन्ही जपून ठेवा.
– डेबिट कार्डवर जादा पैसे मागितले, तर सरळ नकार द्या.
– रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर एमडीआर पडत नाही.
– तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५. तुमच्या बँकेलाही लेखी कळवा.

आमचं मशीन नीट चाललंय. दुकानदार वाईट नव्हता; दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन पाइप जोडून गेला. पण परवा मिक्सर घ्यायचा होता, तेव्हा आई दुसऱ्या दुकानात गेली. तिथे भाव ५० रुपयांनी जास्त होता. तो आधी सांगितला होता.