आवाज भरदार हवा, पण मनगटाच्या मोलाने नको

लग्नसराई उतरणीला लागली की आमच्या दवाखान्यात काही ठरावीक रुग्ण दिसू लागतात. आचारी सुजलेले पाय घेऊन येतात, मंडपवाले कंबर धरून येतात आणि ऑर्केस्ट्रावाले हात चोळत येतात. आपल्या खानदेशात हळदीच्या रात्री सुरू झालेले गाणे-बजावणे वरातीपर्यंत थांबत नाही. त्यात वाजवणाऱ्याच्या हाताचे काय होते, याचा विचार ना वऱ्हाडी करतात, ना तो वाजवणारा. आज या सदरात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहायचे आहे.

आरोग्याच्या सदरात गिटार कशाला, असे काही वाचक विचारतील. पण आता जळगाव-धुळ्यातच नव्हे, तालुक्याच्या गावीही गिटारचे क्लास निघाले आहेत. दहावीचा निकाल लागला की मुलगा गिटार मागतो. आपण चपला घेताना माप पाहतो, चष्मा घेताना नंबर काढतो. पण गिटार घेताना मात्र रंग आणि किंमत यापलीकडे काही बघत नाही. मग सहा महिन्यांनी एक तर गिटार माळ्यावर जाते, नाहीतर मुलगा दवाखान्यात येतो.

धुळ्याकडचा एक २६ वर्षांचा तरुण माझ्याकडे आला होता. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून घर चालवणारा. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागे. त्याला गिटार घेऊन यायला सांगितले आणि लहान बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली. पावणेपाच किलो भरली! तारा सर्वांत जाड, पट्टा दोन बोटे रुंदीचा आणि गिटार मांडीपर्यंत लोंबणारी. "इतकी जड कशाला रे?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, भरदार टोन पाहिजे तर गिटार जडच लागते, तारा जाडच लागतात. बोटांतून रक्त आल्याशिवाय हात बसत नाही, असं सगळेच सांगतात."

हे 'सगळेच सांगतात' मला मान्य नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण दगडासाठी ठीक आहे. माणसाच्या मनगटातून एक नस जाते आणि तिला देवपण नको असते, मोकळी जागा हवी असते.

मनगटात काय होते?

आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा आणि एका घट्ट पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटवणारे ९ स्नायुबंध आणि एक मुख्य नस त्यातून जाते. मनगट सरळ असेल तर सर्व ठीक चालते. मनगट आत मुडपले की बोगद्यातला दाब वाढतो. त्याच अवस्थेत तासन्‌तास जोर लावून तारा दाबल्या तर स्नायुबंधांना सूज येते आणि नस चेपते. याला आम्ही कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतो. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत हा त्रास लवकर होतो, म्हणून अशी तक्रार घेऊन आलेल्याची रक्तातली साखर मी तपासायला लावतो, मग तो तरुण का असेना.

गिटार फार खाली लोंबली की डाव्या हाताला मनगट मुडपूनच तारांपर्यंत पोहोचावे लागते. दांडी जाड असली की अंगठ्यावर ताण येतो. तारा जाड आणि पट्टीपासून उंच असल्या की प्रत्येक सुराला जास्त जोर लागतो. आणि सर्व भार एका खांद्यावर! रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर वाहणारा मजूर तो घड गाडीत टाकून मोकळा होतो. गिटारवाल्याला मात्र चार-चार तास खांदा बदलण्याचीही सोय नसते.

भरदार आवाज येतो कोठून?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज साध्या गिटारसारखा पोकळ पेटीतून येत नाही. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला पिकअप म्हणतात. तार थरथरली की त्या गुंडाळीत बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन गुंडाळ्या जोडून केलेल्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. विजेची गुणगुण जावी हा त्यांचा हेतू होता. १९५७ पासून हा पिकअप गिटारवर बसू लागला. त्याला हंबकर म्हणतात. गुणगुण तर गेलीच, शिवाय आवाज जाड, गोलसर आणि भरदार झाला. म्हणजे भरदारपणाचा मोठा वाटा पिकअप आणि अँप्लिफायर यांचा आहे. तो खांद्याने आणि मनगटाने फेडायचे कारण नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला इंग्लंडमधला आहे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत जायबंदी झाली होती, तरी तो उरलेल्या बोटांनी जगाला चकित करीत होता. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, त्यावर चामडे चढवले. जाड तारा दाबणे शक्य नव्हते म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारवर चढवल्या आणि पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. हाती पातळ बॉडीची, हलकी एसजी गिटार. याच माणसाच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचा आवाज जगातला सर्वांत जाड, सर्वांत जड आवाज म्हणून ओळखला गेला! हात दुखू नये म्हणून केलेल्या सोयीतून तो आवाज घडला, हे आपल्या 'सगळेच सांगतात' मंडळींनी ध्यानात घ्यावे.

थोडा हिशेब

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दुकानात '९ चा सेट', '१० चा सेट' म्हणतात तो सर्वांत पातळ तारेवरून. २५.५ इंच लांबीच्या गिटारवर १० च्या सेटमधल्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४६ किलो असतो, तर ९ च्या सेटचा सुमारे ३८ किलो. एवढ्या एका बदलाने बोटांचे ओझे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरते. तारा अर्धा सूर खाली लावल्या तर आणखी ११ टक्के ताण कमी होतो आणि गायकालाही बरे पडते.

दुसरी बाब लांबीची. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारची तार २५.५ इंच लांब असते. १९५२ मध्ये आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलची २४.७५ इंच. लांबी कमी म्हणजे त्याच सुराला, त्याच तारेला सुमारे ६ टक्के कमी ताण आणि पडदेही थोडे जवळ जवळ. लहान हाताला हे मानवते. पण लेस पॉल वजनाला ४ किलोच्या पुढे जाते. १९६१ मध्ये गिब्सनने त्याच लांबीची, तसेच दोन हंबकर असलेली, पण पातळ बॉडीची गिटार काढली. हीच पुढे एसजी नावाने प्रसिद्ध झाली. वजन साधारण ३ किलोच्या आसपास. मात्र तिचाही एक दोष आहे. बॉडी हलकी असल्याने पट्टा लावून उभे राहिले की दांडी खाली झुकू पाहते आणि डावा हात वाजवण्याऐवजी दांडी सावरण्यातच थकतो. तेव्हा निव्वळ हलकी नको, तोललेली हवी. या मूळ कंपन्यांच्या गिटारी महाग असतात, पण याच घडणीच्या स्वस्त गिटारी बाजारात भरपूर आहेत. नावापेक्षा घडण पाहावी.

पातळ तारेचा आवाज किंचित पातळ लागतो, हे मी नाकारत नाही. पण ती कसर हंबकर आणि अँप्लिफायरवरची खर्जाची कळ भरून काढतात. मनगट बिघडले तर ती कसर भरून काढणारी कळ कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट, ज्याला वाजवायची आहे त्याला सोबत न्या. मोबाइलवर चित्र पाहून मागवलेली गिटार म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट. दुसरी, पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. दांडी जमिनीकडे झुकली तर दुसरी गिटार मागा. तिसरी, पहिल्या पडद्यावर सर्व तारा दाबून पाहा. मनगट सरळ राहते का, अंगठा दुखतो का, हे पाच मिनिटांत कळते. चौथी, बाराव्या पडद्यावर तार पट्टीपासून २ मिलिमीटरच्या आसपास असावी. बरीच उंच असेल तर कारागिराकडून बसवून घ्या. नव्या गिटारीलाही हे करून घ्यावे लागते, आणि त्याचे पैसे डॉक्टरच्या फीपेक्षा नक्कीच सत्कारणी लागतात. पाचवी, पट्टा तीन इंच रुंद घ्या आणि बसल्यावर गिटार जेथे असते तेथेच उभे राहिल्यावरही राहील असा आखूड ठेवा. गिटार गुडघ्याशी लोंबली म्हणजे रुबाब वाढतो, असे मुलांना वाटते. त्यांना समजावून सांगा.

आवाज पाहताना अँप्लिफायर मोठा करू नका. आवाज भरदार आहे की नाही हे हळू वाजवतानाच खरे कळते. मोठ्या आवाजात सर्वच गिटारी भरदार वाटतात आणि त्याची किंमत कान मोजतात. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असे मानतात. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! मंचावर हा आकडा सहज गाठला जातो.

दुखणे कोणते साधे, कोणते नाही?

नव्या वादकाच्या बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. हे साधे दुखणे. पण मनगट, अंगठ्याचे मूळ किंवा कोपर दुखणे, मुंग्या येणे, रात्री जाग येणे, हातातून वस्तू निसटणे ही शिकण्याची लक्षणे नव्हेत, आजाराची आहेत. अशा वेळी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या घेऊन कार्यक्रम उरकणे हा धोक्याचा मार्ग. त्याने दुखणे झाकले जाते, नस चेपलेलीच राहते, शिवाय पोट आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. वाजवणे थांबवा, डॉक्टरांना दाखवा. सरावही २५ मिनिटांचा आणि मध्ये ५ मिनिटे विश्रांतीचा असावा.

त्या तरुणाला तीन आठवडे विश्रांती आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिली. गिटार विकायला सांगितले नाही. तेवढी ऐपत नव्हती. ९ च्या तारा, खाली बसवलेली उंची, रुंद आणि आखूड पट्टा, एवढाच बदल केला. मुंग्या थांबल्या. पुढच्या हंगामात तो पुन्हा मंचावर होता. १९८० च्या 'कर्ज' चित्रपटात गोरख शर्मा यांनी वाजवलेली गिटारची धून आजही फर्माईश म्हणून येते, ती त्याने वाजवली आणि तारा पातळ झाल्याचे एकाही वऱ्हाड्याच्या कानाला जाणवले नाही. सर्वांचेच इतक्यावर भागते असे नाही. काहींना नसेची तपासणी, क्वचित शस्त्रक्रियाही लागते. जितका उशीर, तितकी ती शक्यता जास्त.

ज्याच्या हातावर पोट आहे त्याचा हात हीच त्याची शेती. कुदळीचा दांडा हाताला लागला तर शेतकरी दांडा तासून घेतो, हात तासत नाही. पालकांनी, शिक्षकांनी आणि ऑर्केस्ट्राच्या मालकांनी एवढे जरी मनावर घेतले, तरी पुढच्या लग्नसराईनंतर हात चोळत येणारे दोन रुग्ण माझ्याकडे कमी येतील. त्याची मला खंत वाटणार नाही.