विश्लेषण : कर्करोग असतानाही गाणारा जोई रामोन… त्याला फक्त ‘लढवय्या’ म्हणणे का अपुरे?

‘रामोन्स’ लिहिलेले काळे टी-शर्ट जगभर विकले जातात. मात्र ते घालणाऱ्या अनेकांनी या बँडचे एकही गाणे ऐकलेले नसते. या बँडचा गायक जोई रामोन याची कहाणी टी-शर्टवरच्या चिन्हापेक्षा कितीतरी मोठी आहे.

कोण होता जोई?

खरे नाव जेफ्री हायमन. जन्म १९ मे १९५१, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधील ज्यू कुटुंबात. किडकिडीत, सहा फुटांहून उंच, डोळ्यांवर केस आणि रंगीत चष्मा. लहानपणापासून तब्येतीच्या तक्रारी. तरुणपणी मंत्रचळाचे, म्हणजेच ओसीडीचे निदान झाले. एकाच वस्तूला पुन्हा पुन्हा हात लावल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. बँडच्या सुरुवातीच्या वर्षांतला ड्रमर टॉमी हाही ज्यू. त्याचा जन्म बुडापेस्टचा आणि आई-वडील नाझी नरसंहारातून वाचलेले.

पंकने काय दिले?

१९७४ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा रॉक संगीतात लांबलचक गिटारवादनाचा बोलबाला होता. रामोन्सने मोजक्या कॉर्ड आणि दोन-अडीच मिनिटांची गाणी आणली. ‘सीबीजीबी’ या छोट्या क्लबमध्ये देखणेपणाची किंवा उस्तादीची अट नव्हती. जो इतरत्र बसत नव्हता, त्याला इथे माइक मिळाला. व्यावसायिक यश मात्र दूरच राहिले. १९७६ च्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत ‘गोल्ड’ दर्जा मिळाला तो २०१४ मध्ये. तोवर जोईला जाऊन १३ वर्षे झाली होती.

आजारपणात काय घडले?

१९९० च्या दशकाच्या मध्यात त्याला लिम्फोमा झाल्याचे समजले. १९९६ मध्ये दोन हजारांहून अधिक कार्यक्रमांनंतर बँड थांबला. जोई थांबला नाही. जुना सहकारी डॅनियल रे याच्यासोबत त्याने एकल अल्बम केला. त्यातल्या एका गाण्यात रुग्णालयातला कंटाळा आणि पुन्हा उठण्याची इच्छा आहे, तर दुसरे चक्क शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या मारिया बार्टिरोमो या टीव्ही पत्रकारावर! १५ एप्रिल २००१ रोजी, पन्नाशीला महिनाभर उरला असताना त्याचे निधन झाले. ‘डोंट वरी अबाउट मी’ हा अल्बम २००२ मध्ये आला.

मग ‘लढवय्या’ म्हणण्यात गैर काय?

‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हे शब्द आपल्याकडच्या बातम्यांतही सर्रास दिसतात. पण मग मृत्यू झालेला रुग्ण कमी लढला, असे म्हणायचे का? आजाराचा प्रकार, टप्पा आणि उपचार यांवर बरेच काही ठरते. जिद्दीवर सगळे ढकलणे हा रुग्णावर अन्याय आहे. ज्याला आजारपणात अंथरुणातून उठवत नाही, तो जोईपेक्षा कमी धीराचा ठरत नाही.

जोईचा अल्बम महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने. त्यात आजार आहे, पण माणूस आजाराएवढाच उरलेला नाही. त्याला अजून विनोद सुचतो, शेअर बाजाराची उत्सुकता आहे, गाण्याची हौस आहे. आजारी माणसाला आपण भेटतो तेव्हा रिपोर्टखेरीज दुसरे काही विचारतो का? त्याला झेपेल तेवढे, झेपेल तेव्हा काम करू देतो का? प्रेरणादायी पोस्ट टाकण्यापेक्षा हे अवघड आहे. रुग्णाला खरी गरज मात्र याचीच असते.