काला अंब आणि वैरणीचा हिशेब

दरवर्षी 14 जानेवारीला दिल्ली परिसरातील आपण मराठी मंडळी पानिपतजवळ काला अंब येथे जमतो. भाषणांत भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी यांचे स्मरण होते. वैरणीचे नाव क्वचितच निघते. वस्तुतः ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्यास मिळालेले धान्य सरल्यावर मराठी छावणीची जी कोंडी झाली, ती माणसांच्या अन्नाइतकीच जनावरांच्या चाऱ्याचीही होती. घोड्यास रोज सात-आठ किलो सुकी वैरण लागते. तोफांचे बैल वेगळेच. उत्तरेच्या थंडीत गवत वाढत नाही, आणि आज हरियाणाचा हिवाळा तारून नेणारा बरसीम तेव्हा या देशात आलेलाच नव्हता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. चारा-सरपणासाठी रात्री बाहेर पडलेले बुणगे कापले गेले. 14 जानेवारी 1761 रोजी रणात उतरलेली घोडी उपाशी होती.

असो. हिवाळी वैरणीचा प्रश्न युरोपातील शेतकऱ्याने बऱ्याच अंशी साखर कारखान्याच्या आधारे सोडवला. बिटाची साखर काढल्यावर उरलेला चोथा वाळवून तेथे शेळ्या-मेंढ्यांना घालतात. त्यातील पेक्टिनयुक्त तंतू पोटात सहज आंबतात. धान्य अधिक झाल्यास होते तशी आम्लता सहसा होत नाही. प्रथिने व फॉस्फरस कमी, म्हणून जोडीला पेंड द्यावी लागते. आणि कोरडा चोथा फुगतो, म्हणून तो भिजवतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मोलाचे वाटते ते हे, की टाकाऊ वस्तू वाळवून तिचा भाव ठरवला गेला, म्हणून तिला बाजार मिळाला.

आपल्याकडे श्रीगंगानगरला एके काळी बिटाची साखर निघत असे, पण बीट येथे रुजले नाही. पानिपतच्या आसपास उरतो तो भाताचा पेंढा. सिलिका अधिक, पचन कमी, म्हणून तो जाळला जातो आणि त्याचा धूर आपण दिल्लीत श्वासावाटे घेतो. ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प सुरू झाला. तो स्वागतार्हच आहे. परंतु 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि 3 आठवडे झाकून ठेवावे, एवढ्याने तो प्रौढ जनावरांना पचू लागतो, हे ज्ञान जुने असूनही गावापर्यंत पोहोचलेले नाही. इंधनाला खरेदीदार आहे, वैरणीला नाही.

सर्वांत उपेक्षित आहे तो मेंढपाळ. 2019च्या पशुगणनेत देशात 7.43 कोटी मेंढ्या आणि 14.89 कोटी शेळ्या होत्या. आपत्ती निवारणाच्या निकषांत लहान जनावरांसाठीही दर आहे, पण तो मिळतो छावणीत बांधलेल्या जनावराला. सोलापूर-सांगलीचा धनगर पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाकडे चालू लागतो. त्याचे खांड छावणीत कसे येणार? माझ्या मते गासड्या बांधलेला, प्रक्रिया केलेला पेंढा आणि पेंड त्याच्या ठरलेल्या वाटांवरील बाजारगावी सवलतीत विकावी, आणि हक्काचा पुरावा म्हणून सातबारा न मागता मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद मागावी. जमीन नसलेल्या माणसाकडे सातबारा असणार कोठून?