वीस तारीख आणि मुका संगणक

जुलै महिन्याची २० तारीख. सांगलीत हळदीची पेढी चालवणाऱ्या एका कुटुंबात थोरल्या सुनेने सकाळी आठच्या सुमारास घरच्या संगणकाचे बटण दाबले आणि काहीच घडले नाही. पंख्याची घरघर नाही, दिवा नाही, पडद्यावर एक अक्षर नाही. तिने बटण पुन्हा दाबले, मग बराच वेळ धरून ठेवले. संगणक मुकाच राहिला. पेढीवर दिवसभर होणाऱ्या खरेदी-विक्रीच्या नोंदी रात्री घरी टॅलीत चढवण्याचे काम तिच्याकडे आहे. त्यामुळे वर्षानुवर्षांचा हिशेब त्या एका यंत्रात साठलेला. त्यातच २० तारीख म्हणजे दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या जीएसटीआर-३बी ची अंतिम मुदत. ती चुकली, की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज.

सासरे दर्शन आटोपून घरी आले, तेव्हा सून टेबलाखाली वाकून तारा चाचपत होती.

"अण्णा, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये."

"मग हिशेब गेला का?"

रोजमेळ आणि खतावणी लाल बांधणीच्या वह्यांत लिहून ज्यांची हयात गेली, त्यांच्या तोंडून हा प्रश्न येणे स्वाभाविक होते. पण नव्या पिढीतही संगणक बंद पडला की पहिली धडकी याच प्रश्नाची भरते, आणि तिच्याच भरात चुकीचे निर्णय होतात. यंत्राला वीज न मिळणे ही एक गोष्ट. हिशेब नाहीसा होणे ही सर्वस्वी दुसरी. हिशेब असतो हार्ड डिस्कवर, आणि ती वीज नसतानाही आपल्यावरची नोंद जशीच्या तशी सांभाळते. तिजोरीच्या खोलीतला दिवा गेला म्हणून तिजोरीतली रक्कम जात नाही. संगणक मुळीच सुरू होत नसेल, तेव्हा बहुतेक वेळा दोष विजेच्या वाटेवर कुठेतरी असतो. डिस्कला धक्काही लागलेला नसतो.

विवरणपत्राचेही तसेच. जीएसटीचे संकेतस्थळ घरच्या संगणकात नाही. ते कुठूनही उघडता येते. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरलेले असेल, तर विक्रीचे आकडे ३बी मध्ये आपोआप उमटतात आणि १४ तारखेला तयार होणाऱ्या २बी मधून खरेदीवरच्या कराची जमाही दिसते. उरतात त्या आरसीएमच्या नोंदी, म्हणजे ट्रकभाड्यावरचा कर वगैरे. त्या बिल्ट्यांच्या फायलीतून काढता येतात. पुस्तकाशी ताळा न घेता विवरणपत्र भरणे कोणत्याही चोख व्यापाऱ्याला रुचणार नाही, ते खरेच. पण यंत्र उठले नाही तरी मुदत पाळता येते, एवढे ध्यानात आले की हात थरथरायचे थांबतात. सुनेने धाकट्या दिराला लॅपटॉप आणि बिल्ट्यांची फाइल पेढीवरून आणायला सांगितले आणि दुपारपर्यंतचा वेळ संगणकासाठी राखला. दिराचे मत वेगळे होते. "वहिनी, जुना झालाय तो. नवाच घेऊन टाकू." घरोघरी हेच होते. दोष सापडण्याआधीच यंत्र मोडीत निघते.

तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वह्या फाडून टाकत नाही. आधी बेरजा पाहतात, मग पाने, मग एकेक नोंद. बंद संगणकाचा शोधही असाच घ्यायचा: भिंतीकडून आत, आणि बिनखर्चाच्या शक्यतेकडून खर्चाच्या शक्यतेकडे. त्याआधी लक्षण नेमके ओळखावे. "चालू होत नाही" या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा वीज पोहोचलेली असते; तिथे मॉनिटरची केबल किंवा नीट न बसलेली रॅम पाहावी. क्षणभर सुरू होऊन लगेच बंद होतो, तेव्हा आत कुठेतरी शॉर्ट असतो किंवा वीज पुरवणारी पेटी थकलेली असते. आणि जिथे काहीच हालचाल नाही, तिथे विजेची वाट तपासावी लागते. कारागिराला फोन करतानाही यातले नेमके काय दिसते ते सांगितले, तर त्याची निम्मी फेरी वाचते.

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये सुनेने टेबलावरचा दिवा लावून पाहिला, लागला. एक्स्टेन्शन बोर्डातही लागला. मग पाळी आली यूपीएसची. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते आणि काही वर्षांतच ती दम सोडते. पुष्कळांना ठाऊक नसते ते हे, की बॅटरी पूर्ण मेली म्हणजे काही यूपीएस घरात वीज असतानाही सुरू व्हायला नकार देतात, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो. म्हणून यूपीएस बाजूला काढून संगणकाची केबल थेट भिंतीच्या तीन-पिन सॉकेटला जोडून पाहावी. तसे केले, फरक पडला नाही. केबल बदलून पाहिली. कॅबिनेटच्या मागे ती जिथे शिरते, तिथे ती बरेचदा सैल झालेली असते आणि वरवर पाहता जागेवरच दिसते. तिच्याशेजारी एक छोटा काळा स्विच असतो. त्याची उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. फरशी पुसताना फडक्याचा धक्का लागून तो पडणे ही इतकी साधी गोष्ट आहे, की कारागीर ती दाखवून भेटीचे पैसे घेतो तेव्हा घरची मंडळी एकमेकांकडे पाहत राहतात. जुन्या कॅबिनेटला मागे ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल खटकाही असतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. तो खटका ११५ वर सरकवून बटण दाबले, तर मोठा आवाज होऊन पेटी जळते. मुलांना तो दाखवून ठेवावा आणि हात लावू नये, असे बजावावे.

पुढचा उपाय फुकटचा, पण नेहमी विसरला जाणारा. केबल काढावी, पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस सगळे सुटे करावे, आणि पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत उरलेली वीज त्याने निघून जाते. विजेच्या झटक्याने पेटीने स्वतःहून मिटून घेतले असेल, तर ती पुन्हा उघडते. यूएसबीच्या खाचेतली एखादी वाकलेली पट्टीदेखील सबंध संगणक अडवून धरू शकते, म्हणून सगळे सुटे करायचे. पाच मिनिटे थांबून फक्त वीज जोडली. तरीही शांतता.

आता कॅबिनेट उघडणे भाग होते. बारावीतला नातू उत्साहाने ब्लोअर घेऊन आला, तेव्हा अण्णांनी त्याला थांबवले. "थांब रे. पावसाचे दिवस आहेत, आत काय असेल ते आधी बघ." यंत्राच्या आतली ऊब आणि अंधार मुंग्यांना, झुरळांना आवडतो, मागच्या जाळीतून त्या आत शिरतात. ब्लोअरच्या झोताने त्या चिरडतात किंवा आणखी आत ढकलल्या जातात. औषधाची फवारणी तर यतनेच्या दृष्टीने वर्ज्यच, शिवाय फवाऱ्याचा ओलावा मदरबोर्डचे नुकसान करतो. दिवसाउजेडी झाकण काढावे, क्षणभर तसेच राहू द्यावे, मऊ कुंचल्याने हलकेच कागदावर घ्यावे आणि अंगणात सोडावे. त्या दिवशी सात-आठ मुंग्या आणि धुळीचा एक गोळा निघाला. टेबलावर बिस्किटांचा डबा कोणाचा, हा प्रश्न नातवाने ऐकला नाही.

झाकण उघडले तरी एका पेटीला हात लावायचा नाही: एसएमपीएस. हीच २३० व्होल्टची वीज संगणकाला पेलणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये उतरवून देते. तिच्या आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ती बिघडली तर सबंध बदलायची. घरी तिचे स्क्रू सोडवायचे नाहीत.

केबल जोडताच मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला. त्या एका ठिपक्याने निम्मा शोध संपला. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेपासून संगणकाचे पुढचे बटण हे वीज जोडणारे बटण राहिलेलेच नाही. केबल लावल्याबरोबर एसएमपीएस ५ व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला सतत पुरवत राहतो. बटण दाबणे म्हणजे मदरबोर्डला केवळ इशारा. तो मिळाल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसला पूर्ण वीज सोडायला सांगतो. ठिपका लागला, याचा अर्थ वीज आतपर्यंत पोहोचली होती. ठिपका नसता, तर एसएमपीएसवर संशय धरावा लागला असता. आता प्रश्न एवढाच उरला, की इशारा पोहोचतो का?

कपॅसिटरही तिने पाहून घेतले. मदरबोर्डवरच्या त्या नळकांड्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला असेल, तर बोर्ड गेल्यात जमा. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे जगभर असे असंख्य बोर्ड निकामी झाले. इथले सगळे सपाट होते. नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी अनेक कारागीर आधी बदलतात. ती संपली तर घड्याळ आणि तारीख मागे पडते, पण यंत्र मुके होण्याचे कारण सहसा ती नसते.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने काही बारीक तारांच्या जोड्या येऊन मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात. पॉवर स्विचची एक जोडी, रिसेटची दुसरी. नावे त्या टोपणांवर छापलेली असतात. नातवाने आधी मोबाइलवर त्या जागेचा फोटो घेतला. केबल काढून सुनेने पॉवरची जोडी उपसली आणि तिच्या जागी रिसेटची जोडी बसवली. दोन्ही बटणांचे काम एकच असते, दोन पिना क्षणभर जोडणे. म्हणून एकाची जागा दुसरे घेऊ शकते, आणि या दोन जोड्यांना उलटसुलटही लागत नाही. केबल पुन्हा लावली. नातवाने छोटे बटण दाबले.

पंखा फिरला.

बटणाच्या आतली स्प्रिंग झिजली होती. मोडीत निघायला आलेल्या यंत्राचा एवढाच दोष होता.

दिराने तेवढ्यात एका कारागिराला फोन केला होता, आणि पलीकडून सल्ला आला होता तो "फॉरमॅट मारावे लागेल" असा. हे वाक्य पेढीवाल्या घरांनी नीट ओळखून ठेवावे. ज्या यंत्राला वीजच लागत नाही, त्याचा विंडोजशी संबंध नाही. तिथे फॉरमॅट म्हणजे तिजोरीचे कुलूप अडकले म्हणून आतल्या नोटा जाळणे. यंत्र दुरुस्तीला द्यायचेच असेल, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. दोन केबल आणि चार स्क्रू, एवढाच तो खटाटोप. नव्या यंत्रांत ती मदरबोर्डवर आडवी बसवलेली पट्टी असते आणि एका स्क्रूने निघते. यूएसबीच्या अडॅप्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडून टॅलीचे डेटा फोल्डर उचलता येते. अलीकडच्या विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असण्याचा संभव असतो. त्याची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवली नसेल, तर डिस्क हातात असूनही आतले वाचता येत नाही. यंत्र धडधाकट असतानाच ती काढून ठेवावी.

संगणक सुरू झाल्यावर सुनेने विवरणपत्राला हात लावण्याआधी टॅलीचा डेटा दोन पेनड्राइव्हवर उतरवला. एक अण्णांनी मागून घेतला आणि जुन्या खतावण्यांच्या कपाटात ठेवला. मग ताळा झाला, आरसीएमच्या नोंदी बिल्ट्यांशी जुळल्या, आणि ३बी दुपारी दोनच्या आत भरली गेली. त्या तारखेला संध्याकाळी संकेतस्थळ किती रखडते, हे प्रत्येक पेढीला ठाऊक आहे.

नवे बटण अजून बसवलेले नाही. संगणक रिसेटच्या छोट्या बटणानेच सुरू होतो, आणि मोठ्या बटणावर नातवाने चिकटपट्टी लावून लिहिले आहे: "हे नव्हे."